जँगोची गिटार शिकताना कोणतं पुस्तक उघडावं?

"जिप्सी जॅझ शिकायचंय, कोणतं पुस्तक घेऊ?" हा प्रश्न मला हल्ली वरचेवर येतो, बहुतेक वेळा एका यादीसकट. यादीत पाच-सहा पुस्तकं असतात, दोन-तीन व्हिडिओ कोर्स असतात आणि कुठून तरी उतरवून घेतलेली सोलोंची एक मोठी फाइल असते. विचारणाऱ्याला कॉर्ड येतात, गाण्याला साथ करता येते आणि त्याने या शैलीचा आद्य गिटारवादक जँगो राइनहार्टला एकदा तरी ऐकलेलं असतं. मी यादी बाजूला ठेवायला सांगते आणि एवढंच विचारते: यातल्या कुठल्या पुस्तकात उजव्या हाताबद्दल लिहिलंय?

मला हे सुरुवातीलाच कुणी विचारलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. मी दादरची. लहानपणी पेटी शिकले, कॉलेजात गिटार. ही शैली भेटली तेव्हा परदेशातून टॅबचं जाडजूड पुस्तक मागवलं. टॅब म्हणजे सहा तारांच्या सहा रेघा आणि कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या कितव्या पट्टीला, बोट ठेवायचं ते सांगणारे आकडे. रोज तासभर बसून वर्षभरात चार सोलो पाठ केले. मग वांद्र्याच्या एका घरगुती बैठकीत एका ज्येष्ठ गोवेकर वादकांची गाठ पडली. हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये हयात घालवलेले गृहस्थ. मी सोलो सुरू करणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "सोलो मागीर, बाय. आधी तीन मिनिटं मला नुसती रिदम दे." पहिल्या मिनिटात माझी लय पुढे पळाली, दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून आलं आणि तिसरं मिनिट झालंच नाही. मग त्यांनी माझ्या सोलोचे दोन बार (बार म्हणजे इथे चार मात्रा) ऐकले आणि शांतपणे म्हणाले, "सूर बरोबर आहेत. आवाज दुसऱ्या वाद्याचा आहे."

ते असं का म्हणाले, हे कळायला या संगीताच्या जन्माकडे जावं लागतं. १९३४ साली पॅरिसमध्ये 'क्विंतेत द्यू हॉट क्लब द फ्रान्स' हा पाच जणांचा संच उभा राहिला. जँगोची गिटार, स्तेफान ग्रापेली यांचं व्हायोलिन, साथीला आणखी दोन गिटारी आणि एक डबल बास. ड्रम नाहीत, पियानो नाही. म्हणजे ड्रमचं काम साथीच्या गिटारींवर पडलं, आणि त्या सगळ्या तारांच्या गलक्यातून सोलो गिटारचा आवाज वर निघायला हवा होता. त्या काळी गिटारला विजेची मदत जवळपास नव्हतीच. मारिओ मकाफेरी यांनी आखलेल्या आणि सेल्मर कंपनीने १९३२ पासून बनवलेल्या गिटारी या मंडळींच्या हाती आल्या, त्यांचा आवाज चिरत जाणारा होता. पण खरा जोर हातातून यायचा. त्या हाताची एक पद्धत ठरत गेली, आणि तीच या शैलीचा कणा आहे.

जँगोच्या डाव्या हाताची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या घरगाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली. पुढचे सोलो त्याने मुख्यतः दोन बोटांनी वाजवले. ही गोष्ट इतकी विलक्षण आहे की शिकणाऱ्याचं आणि शिकवणाऱ्याचंही सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं. पुस्तकंही तशीच निघतात: बोटं कुठे ठेवायची याने भरलेली आणि तार कशी छेडायची याबद्दल गप्प.

'जिप्सी' हा शब्द मी इथे वापरतेय तो शैलीचं नाव म्हणून. त्या समाजातल्या अनेकांना तो अपमानाचा वाटतो. ते स्वतःला रोमा म्हणवतात, जर्मनी-नेदरलँड्सकडचे सिन्ती, फ्रान्समधले मानुश, आणि फ्रेंच लोक या संगीताला 'जॅझ मानुश'च म्हणतात. त्यांची रोमानी भाषा आपल्याच भाषाकुळातली आहे. पाण्याला ते पानीच म्हणतात. यावरून संगीतही आपलंच असा निष्कर्ष काढू नये, त्याची घडण युरोपात आणि अमेरिकन जॅझच्या सहवासात झाली. पण शिकण्याची रीत मात्र ओळखीची आहे: वडिलांच्या, काकांच्या, भावाच्या शेजारी बसून, कानाने. जँगोला स्वतःला नोटेशन वाचता येत नव्हतं.

आता उजवा हात. एरवी गिटारवादक तळवा पुलावर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, किंवा करंगळी लाकडावर टेकवून वाजवतात, इथे हात अधांतरी राहतो. मनगट थोडं वाकलेलं, मोकळं. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, जाड, निदान दोन मिलिमीटर, पुष्कळ जण तीन-साडेतीनच्या पुढचं वापरतात. खालचा आघात करताना पिक तारेतून आरपार जाऊन पुढच्या तारेवर विसावतं. याला रेस्ट स्ट्रोक म्हणतात. मनगटाचं वजन तारेवर पडतं, म्हणून आवाज भरीव आणि मोठा येतो.

यातून एक नियम निघतो आणि इतर शैलीतून आलेल्या माणसाची पंचाईत तिथेच होते. तार बदलली की नवी तार नेहमी खालच्या आघाताने सुरू करायची. एका तारेवर दोन सूर असतील तर खाली-वर, मग पुढच्या तारेवर खाली. तीन सूर असतील तर खाली-वर-खाली, आणि तार बदलल्यावर पुन्हा खाली, म्हणजे लागोपाठ दोन आघात खालचे. बारीक तारांकडे जाताना हे सोपं आहे, कारण पिक आधीच पुढच्या तारेवर विसावलेलं असतं. जाड तारांकडे परतताना पिक उचलून पुन्हा वरून आणावं लागतं, आणि तिथे महिनोन् महिने जातात. रॉकच्या क्लासमध्ये खाली-वर-खाली-वर असा काटेकोर हात बसवलेल्या माणसाला तर ही जुनी सवय मोडायची असते. नुसत्या आकड्यांच्या टॅबवरून ती मोडत नाही.

म्हणून कुठलंही पुस्तक घेण्याआधी त्याची दोन-चार पानं नीट पाहा. टॅबच्या वर आघातांची चिन्हं आहेत का? दाराच्या चौकटीसारखं चिन्ह म्हणजे खाली, इंग्रजी व्ही म्हणजे वर. ती नसतील तर ते पुस्तक नवशिक्याचं नाही, त्यात सोलो कितीही सुंदर असोत. व्हिडिओ असेल तर कॅमेरा कुठे आहे ते पाहा. उजवा हात जवळून, खालच्या बाजूने, संथ लयीत दाखवला असेल तर पैसे सार्थकी लागतात. फक्त डाव्या हाताच्या बोटांवर रोखलेला कॅमेरा अर्धाच धडा देतो.

नावच हवं असेल तर उजव्या हातासाठी मायकल हॉरोविट्झ यांचं 'जिप्सी पिकिंग' मी पहिलं सांगते, कारण त्या पुस्तकाचा विषयच पिकचा हात हा आहे. डोळ्यांनी बघून शिकायचं असेल तर माँट्रियलच्या डेनिस चँग यांनी उभ्या केलेल्या ऑनलाइन स्कूलचे व्हिडिओ, किंवा नेदरलँड्सचे सिन्ती वादक स्टोखेलो रोझेनबर्ग यांची ऑनलाइन अकादमी. यातलं एकच घ्या. तिन्ही एकदम घेतली की प्रत्येकाचे पहिले चार धडे होतात आणि पाचवा कुणाचाच होत नाही.

रिदमकडे वळू, कारण त्या बैठकीत माझी दांडी तिथेच उडाली होती. या ठेक्याला 'ला पॉम्प' म्हणतात, पंप या अर्थाने. चार मात्रा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला जाड तारांवर खालचा हलका आघात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला सगळ्या तारांवर कोरडा, तुटक आघात, आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल करून आवाज मारायचा, म्हणजे बंद करायचा. अनेक वादक मात्रेच्या किंचित आधी वरचा एक निसटता आघात देतात, त्यातून तो डोल येतो. तबल्याच्या ठेक्याशी याची तुलना मला नेहमी उपयोगी पडते: बोल लिहून दिले म्हणून ठेका लागत नाही, बोलांमधली जागा कळली तर लागतो. एक फरक मात्र सांभाळावा लागतो. आपला हात आपोआप समेवर जोर देतो, इथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे. सी. रामचंद्रांची 'अलबेला'मधली गाणी, १९५१ सालची, आपल्या घराघरांत वाजत आली आहेत, त्यामुळे स्विंगचा डोल मराठी कानाला परका नाही. तो हाताला शिकवायचा आहे.

रिदमचं साहित्य निवडताना मी दोन गोष्टी बघते. साथीची गिटार एकटी, बाकी काही न वाजता, संथ आणि पूर्ण लयीत ऐकवली आहे का? आणि शिकवणारा आवाज मारायची क्रिया समजावतो का? कारण चांगली रिदम ही निम्मी डाव्या हाताच्या सुटण्यात आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एक शिक्षक म्हणेल वरचा आघात हवाच, दुसरा म्हणेल सुरुवातीला नकोच. दोघंही बरोबर असतात. फ्रेंच, डच, जर्मन वादकांच्या रिदममध्ये फरक आहे, घराण्या-घराण्यांत असतो तसा. पहिल्या वर्षी एकाचंच ऐकावं.

कॉर्डच्या बाबतीत जास्त पानांना भुलू नये. शंभर आकृत्यांचं पुस्तक दिसायला भरगच्च असतं, पण सुरुवातीला लागतात दोन आकृत्या. या शैलीत मायनर कॉर्ड बहुधा मायनर सिक्स्थ म्हणून वाजवतात. ए मायनर सिक्स्थ घ्या: सहावी म्हणजे सर्वांत जाड तार पाचव्या फ्रेटला, चौथी तार चौथ्याला, तिसरी आणि दुसरी तार पाचव्याला, आणि उरलेल्या पाचव्या आणि पहिल्या तारा दाबून गप्प. हाच आकार पाच फ्रेट वर सरकवला की डी मायनर सिक्स्थ. आता ई सेवन्थ: पाचवी तार सातव्या फ्रेटला, चौथी सहाव्याला, तिसरी सातव्याला. तीनच सूर, पुरेसे आहेत. एवढ्यावर जँगो आणि ग्रापेलींनी १९३७ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'मायनर स्विंग'ची साथ करता येते. ती सोळा बारांची आहे: दोन बार ए मायनर, दोन डी मायनर, दोन ई सेवन्थ, दोन ए मायनर, मग दोन डी मायनर, दोन ए मायनर, दोन ई सेवन्थ, एक बार ए मायनर आणि परत फिरायला एक ई सेवन्थ. जे पुस्तक तुम्हाला पहिल्या काही पानांतच अशा एका पूर्ण गाण्यापर्यंत नेतं ते मला आवडतं. जे आधी पन्नास कॉर्ड पाठ करून घेतं त्याच्या शेवटपर्यंत फारसं कुणी पोहोचत नाही.

सोलोचं साहित्य निवडताना एक ढोबळ भेद उपयोगी पडतो. काही पुस्तकं तयार तुकडे देतात, ज्यांना वादक 'लिक' म्हणतात. काही पुस्तकं तो तुकडा कुठल्या कॉर्डवर का बसतो ते सांगतात. दोन्हींची गरज असते, पण फक्त तुकडे देणारं पुस्तक पहिलं घेऊ नये. आणि सर्वसाधारण जॅझच्या ग्रंथांत मोडचे, स्केलचे जे मोठे तक्ते असतात ते या वाटेवर बराच काळ बाजूला ठेवता येतात. इथे विचार कॉर्डच्या सुरांपासून सुरू होतो.

तो विचार सरगमीत मांडला की आपल्याला पटकन उलगडतो. ए हा सा धरा. मग ए मायनर सिक्स्थचे सूर होतात सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध. शिवरंजनी गुणगुणलेल्या कुणालाही हे चारही ओळखीचे आहेत. जँगोच्या वादनात या सुरांवर थेट उतरण्याआधी अनेकदा अर्धा स्वर खालून स्पर्श येतो. सा च्या आधी शुद्ध नी, कोमल ग च्या आधी शुद्ध रे, प च्या आधी तीव्र म. पेटीवर हे तीन स्पर्श वाजवून बघा, त्या संगीताचा वास लगेच येतो. ई सेवन्थ आली की वादक बहुतेक वेळा डिमिनिश्ड आर्पेजिओ (डिमिनिश्ड कॉर्डचे सूर एकामागून एक) काढतात: नी, रे, म, कोमल ध. या चार सुरांत प्रत्येकी तीन-तीन फ्रेटचं अंतर असतं, त्यामुळे एकच आकार गळ्यावरून तीन-तीन फ्रेट सरकवत वर नेता येतो आणि शेवटी सा वर सुटतो. एखाद्या कोर्सच्या नमुना धड्यात तुम्हाला अशी कारणं मिळाली तर तो कोर्स घ्या. 'हे असं वाजवा, मग हे वाजवा' एवढंच असेल तर थांबा.

बोटांबद्दल नेहमी विचारतात: दोनच बोटांनी वाजवायचं का? कॉर्डना सगळी बोटं वापरावीत, आजचे बहुतेक वादक सोलोतही वापरतात. पण जँगोचे तुकडे एकदा तरी दोन बोटांनी वाजवून बघावेत. दोन बोटं एका जागी बसून राहू शकत नाहीत. ती गळ्यावरून तिरकी, लांबच्या लांब सरकत जातात, आणि त्याच्या सुरांच्या ओळी तशा का वळतात ते तेव्हा कळतं. इंटरनेटवरच्या फुकट टॅबमध्ये हीच गोष्ट हरवते. सूर बरोबर असतो, पण तो लिहिणाऱ्याला सोयीच्या तारेवर टाकलेला असतो. मग आघाताचा नियमही जुळत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात जड आहे.

आणि तरीही सगळ्यात मोठं साहित्य छापील नाही. वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या म्हणून त्या टिकल्या, पण त्या पुस्तकावरून कुणी ख्याल गायला शिकलं नाही. पुस्तक बंदिश सांगतं, गायकी गुरूकडून येते. टॅब म्हणजे बंदिशीचं पुस्तक. इथे गुरू म्हणजे रेकॉर्ड. ते गोवेकर अंकल तर नोटेशन पाण्यासारखं वाचणारे, गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणी शिकलेले, पण तेही कागद हा फक्त पत्ता आहे असंच म्हणायचे.

त्यामुळे पुस्तकाबरोबर एक रेकॉर्ड निवडावी आणि ती महिनाभर सोडू नये. १९३४ ते १९३९ मधली हॉट क्लबची ध्वनिमुद्रणं घ्या. तो आवाज जुना, खरखरीत वाटत असेल तर स्टोखेलो रोझेनबर्ग, आंजेलो दबार, चावोलो श्मिट यांची घ्या, त्यात साथीची गिटार स्वच्छ ऐकू येते. लोकलमध्ये कानात घालून ऐकण्याचा मी एक क्रम ठरवला होता: एका दिवशी फक्त बास, दुसऱ्या दिवशी फक्त साथीची गिटार, तिसऱ्या दिवशी सोलो. दादर ते सीएसएमटी एवढ्या वेळात पाच-सहा गाणी होतात. घरी आल्यावर त्यातले चार बार गुणगुणायचे, आणि गुणगुणता आले तरच गिटारवर शोधायचे. वेग कमी करून ऐकण्यासाठी यूट्यूबमध्येच सोय आहे, ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पाऊण वेगापर्यंत आणलं तर सूर स्पष्ट होतात आणि डोलही टिकतो. निम्म्यावर आणलं की सूर मिळतात पण डोल जातो, म्हणून तिथे फार रेंगाळू नये.

साथीसाठी आयरियल प्रो हे ॲप बरेच जण वापरतात, त्यात या शैलीची साथ निवडता येते. लय पक्की करायला ते ठीक आहे. पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते माझ्याच फोनने. स्वतःची पाच मिनिटांची रिदम रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर सोलो वाजवायचा. कुठे लय पळाली, कुठे कॉर्डचा आवाज मारायला उशीर झाला, ते सोलो वाजवताना पायाखालची फळी सरकल्यासारखं जाणवतं. असा धडा कुठल्या कोर्समध्ये नाही.

मुंबईत राहून हे करताना दोन व्यावहारिक गोष्टी. परदेशी छापील पुस्तकाला टपाल आणि कस्टम ड्युटी पुस्तकाइतकी पडू शकते, म्हणून पीडीएफ आणि डाउनलोड होणारे व्हिडिओ बरे. खास सेल्मर पद्धतीची गिटार सुरुवातीला लागत नाही, साध्या ॲकूस्टिक गिटारला ११ गेजच्या (जाडीच्या) तारा चढवल्या तरी हात तयार होतो. जाड पिक मात्र पहिल्या दिवसापासून हवं. आणि भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असताना दबक्या हाताने सराव करू नये, कारण दबका हात हीच मग सवय होते. पुलाजवळ तारांखाली एक मऊ फडकं सारायचं. आवाज मरतो, मनगटाचं वजन तेवढंच राहतं.

दुसरं पुस्तक कधी घ्यायचं? मी स्वतःसाठी खूण ठरवली होती ती सांगते. 'मायनर स्विंग'ची रिदम पाच मिनिटं, न थांबता, मनगट न भरता, आणि फोनवर परत ऐकल्यावर सुरुवातीची आणि शेवटची लय सारखी. मला त्याला सात महिने लागले. आठव्या महिन्यात मी वांद्र्याला गेले, अंकलनी गिटार माझ्या हातात दिली आणि या वेळी सोलो त्यांनी वाजवला.